आधी दोन दिवस दुखून गेलं म्हणून हृदय वाचलं? डॉक्टर असं म्हणाले, खरंय का?

परतूरचा_पाहुणा (धागाकर्ता)

नमस्कार मंडळी. सल्ला मागायला धागा काढत नाहीये. वडिलांवर उपचार चालू आहेत, तब्येत सुधारतेय. पण एक गोष्ट डोक्यातून जाईना म्हणून लिहितोय.

अण्णांना (वय ६८, जन्मभर शेती, तंबाखू आहे, शुगर नाही) गेल्या महिन्यात अटॅक आला. पहाटे दरदरून घाम, छातीवर कुणी बसल्यासारखं, डाव्या हातात कळा. तालुक्याला ईसीजी काढला, तिथंच गुठळी विरघळवायचं इंजेक्शन दिलं आणि पुढं संभाजीनगरला हलवलं. अँजिओग्राफीत डाव्या बाजूची पुढची मोठी नळी जवळपास बंद निघाली. स्टेंट टाकला. इकोत पंपिंग (एका ठोक्यात डाव्या कप्प्यातलं किती रक्त बाहेर पडतं ते) ४८ टक्के.

राउंडला आलेले डॉक्टर फाइल बघून म्हणाले, "नळी एवढी मोठी, वेळही बराच गेलाय, मानानं नुकसान कमी आहे. आधी कधी दुखलं होतं का?" तेव्हा आईनं सांगितलं. आदल्या दोन दिवसांत तीन-चारदा छातीत आवळून आलं होतं. पाच-सात मिनिटं राहायचं, टेकून बसले की थांबायचं. अण्णांनी ते पित्तावर ढकललं, ओवा आणि काळं मीठ चघळलं आणि कापूस वेचायला बाया आल्यात म्हणून शेतात गेले. आम्हाला पोरांना कुणीच काही बोललं नाही. डॉक्टर म्हणाले, "त्या दुखण्यानं हृदयाची तयारी करून घेतली असणार," आणि पुढच्या बेडकडे गेले.

रक्त कमी पडलं की स्नायू मरतो, एवढं मला कळतं. मग तेच थोडं थोडं कमी पडलं तर फायदा कसा होईल? आणि घरात आता नवीनच सुरू झालंय. चुलते आल्या-गेल्याला सांगतात, "बघा, अंगावर काढलं ते बरंच झालं." त्यांना काय उत्तर द्यावं?

तुरीचं_वरण

अण्णांना जपा. चुलत्यांना आधी हा धागा वाचायला द्या. जाणकारांच्या प्रतीक्षेत, चटई टाकून बसलोय.

गोदाकाठचा_वैद्य

मी नांदेडकडे फिजिशियन आहे. ओपीडी संपल्यावर मोबाईलवरून टंकतोय, चुका सांभाळून घ्या.

तुमच्या डॉक्टरांनी गंमत केली नाही. याला इस्केमिक प्रीकंडिशनिंग म्हणतात. १९८६ साली अमेरिकेत ड्यूक विद्यापीठात मरी, जेनिंग्ज आणि रायमर या तिघांनी ते दाखवलं. कुत्र्यांच्या एका गटात हृदयाची एक नळी सलग ४० मिनिटं बंद ठेवली. दुसऱ्या गटात आधी चार वेळा ५ मिनिटं बंद, ५ मिनिटं चालू असं केलं आणि त्यानंतर तीच ४० मिनिटं. दुसऱ्या गटात रक्तबंदी एकूण जास्त झाली, तेव्हा साध्या हिशोबानं नुकसानही जास्त व्हायला हवं. झालं उलटं. मेलेल्या स्नायूचं प्रमाण पहिल्या गटाच्या साधारण पाव भागावर आलं.

त्याच कामातला दुसरा निकाल चुलत्यांसाठी. शेवटची बंदी ४० मिनिटांऐवजी ३ तास ठेवली तेव्हा दोन्ही गट सारखेच निघाले. आधीच्या तयारीचा काडीचा उपयोग झाला नाही. म्हणजे हृदय मरण लांबवतं, टाळत नाही. मधल्या वेळात नळी उघडली तरच त्या लांबवण्याला अर्थ.

आता आत काय होतं ते. हृदयाची मूळ अडचण अशी की ते विश्रांतीतसुद्धा रक्तातला ७० ते ७५ टक्के ऑक्सिजन काढून घेतं. हातापायाच्या स्नायूंकडे बरीच शिल्लक असते, इथं ती नाही. जास्त ऑक्सिजन हवा तर जास्त रक्तच आलं पाहिजे. त्यातही डाव्या कप्प्याच्या भिंतीला रक्त मुख्यतः दोन ठोक्यांच्या मधल्या सैल क्षणात मिळतं, कारण ठोका पडताना भिंत स्वतःच्याच नळ्या दाबते. हा दाब सगळ्यात जास्त आतल्या थराला बसतो, म्हणून मरणही तिथूनच सुरू होतं. नळी पूर्ण बंद झाल्यावर साधारण २० मिनिटांनी आतला थर मरायला लागतो आणि ती लाट काही तासांत बाहेरच्या थरापर्यंत पोचते.

पण मरण्याच्या खूप आधी, रक्त थांबल्यापासून १०-१५ सेकंदांतच, तो भाग आकुंचन थांबवतो. इकोवर दिसतं, बाकीचं हृदय हलतंय आणि एवढाच तुकडा गप्प. तो मेलेला नसतो. पेशीची सर्वात जास्त ऊर्जा आकुंचनात जाते आणि एटीपीचा, म्हणजे पेशीच्या इंधनाचा, साठा असतो काही सेकंदांपुरता, त्यामुळे पहिली कात्री तिथं लागते. एटीपी तुटत तुटत त्यातून अ‍ॅडेनोसिन तयार होतं आणि पेशीबाहेर येतं. ते आसपासच्या बारीक रक्तवाहिन्या सैल करतं. शिवाय पेशीच्या अंगावरच्या रिसेप्टरला चिकटून आत निरोप धाडतं. प्रोटीन कायनेज सी नावाचं एन्झाइम जागं होतं, मायटोकाँड्रियातल्या (पेशीतली ऊर्जा बनवणारी केंद्रं) पोटॅशियमच्या वाटा उघडतात. ब्रॅडिकायनिन आणि शरीरातले अफूसारखे पदार्थही याच कामाला लागतात.

सगळ्याचा शेवट मायटोकाँड्रियाच्या पडद्यातल्या एका छिद्रापाशी होतो. ते छिद्र उघडलं की मायटोकाँड्रिया फुगून निकामी होतात आणि पेशी संपते. गंमत अशी की नळी बंद असताना साचलेल्या आम्लामुळे ते मिटलेलं राहतं. धोका असतो रक्त परत येतं तेव्हा. आम्ल धुतलं जातं, ऑक्सिजन एकदम येतो, कॅल्शियम पेशीत भरतं आणि छिद्र उघडतं. तयार झालेलं हृदय नेमकं या घडीला छिद्र मिटवून ठेवतं.

ही तयारी टिकते किती? पहिला टप्पा एक-दोन तासांत ओसरतो. मग साधारण २४ तासांनी दुसरा टप्पा येतो, कारण तोवर पेशींनी संरक्षक प्रथिनं नव्यानं बनवलेली असतात. हा थोडा कमजोर असतो, पण ७२ तासांपर्यंत राहतो. अण्णांचे दोन दिवस याच हिशोबात बसतात.

मोसंबीवाला_जालना

डॉक्टर साहेब, लई भारी समजून सांगितलंत. म्हणजे आम्ही बहार धरायला झाडाला पाण्याचा ताण देतो तसंच का हे? ताण दिला की पानं गळतात अन् पाणी सोडलं की फुलोरा फुटतो.

गोदाकाठचा_वैद्य

नाही हो मोसंबीवाले. ताण देऊन तुम्ही झाडाकडून जास्त काम काढून घेता. इथं हृदय काम सोडून देतं.

मोसंबीवाला_जालना

मग २०१२-१३ च्या दुष्काळासारखं म्हणा. तवा आम्ही फळाचा नाद सोडला. फांद्या छाटल्या, बुडाशी उसाचं पाचट आंथरलं, टँकरचं पाणी खोडापुरतं. झाड हिरवं ऱ्हायलं, फळ एक नाही. ज्यांनी त्या साली फळ धरलं त्यांच्या बागा सरपणाला गेल्या.

गोदाकाठचा_वैद्य

हे मात्र अगदी चपखल, पण ते वेगळ्या प्रकाराला लागू पडतं, हायबरनेशनला. कुणी विचारलं तर लिहितो.

सुमनकाकू_लातूर

मीच विचारते. आमच्या ह्यांचं पंपिंग ३० टक्के होतं. तीन नळ्या बंद. अटॅक असा कधी आलाच नव्हता, नुसती धाप लागायची, जिन्याच्या चार पायऱ्यांत बसायचे. बायपासनंतर काही महिन्यांनी इको केला तर ४५. मी समजत होते मेलेला स्नायू जिवंत झाला. सूनबाई म्हणते, असं होत नसतं. मग हे काय झालं?

गोदाकाठचा_वैद्य

काकू, सूनबाईंचं बरोबर आहे. मेलेल्या जागी व्रण येतो, तो हलत नाही. काकांचा स्नायू मेलेलाच नव्हता. नळ्या महिनोन् महिने अरुंद राहिल्या आणि मिळेल तेवढ्या रक्तात स्नायूनं आपलं काम कमी करून घेतलं. वर मोसंबीवाल्यांनी सांगितलं तेच, फळ सोडून झाड राखलं. रहिमतुला या हृदयरोगतज्ज्ञांनी १९८० च्या दशकात ही हायबरनेशनची कल्पना मांडली. अशा पेशींचं आकुंचनाचं सामान कमी झालेलं असतं, साखरेचा साठा वाढलेला असतो. एरवी हृदय बरीचशी ऊर्जा चरबीतून काढतं, पण तेवढ्याच ऑक्सिजनमध्ये साखरेतून थोडी जास्त ऊर्जा निघते, म्हणून तंगीत ते साखरेकडे वळतं. पेट स्कॅनमध्ये हेच हुडकतात. रक्त कमी पोचतंय, पण साखर ओढली जातेय, तर तो भाग जिवंत. इको करताना डोब्युटामिन या हृदयाला जोर देणाऱ्या औषधाचा थोडा डोस देऊन गप्प भाग हलतो का तेही बघता येतं.

याचा एक भाऊ आहे, स्टनिंग. त्यात रक्त पूर्ववत सुरू झालेलं असतं, पण स्नायू काही तास, काही दिवस, कधी काही आठवडे सुन्न राहतो आणि मग आपसूक सुधारतो. परतूरकर, अण्णांच्या ४८ टक्क्यांत याचाही वाटा असू शकतो.

सगळ्यांनाच काकांसारखा फायदा होतो असं मात्र नाही. पंपिंग ३५ किंवा त्याखाली असलेल्या रुग्णांत बायपासनं दहा वर्षांत मृत्यू कमी झाले, हे २०१६ च्या निकालात दिसलं. अशाच रुग्णांत स्नायू जिवंत असल्याची खात्री करून अँजिओप्लास्टी (फुगा-स्टेंटनं नळी उघडणं) केली, तर औषधांपेक्षा जास्त फायदा दिसला नाही. तो २०२२ चा निकाल. असं का, यावर आमच्यात अजून वाद चालू आहेत.

शंकासुर

सगळं छान. पण एक बोचरा प्रश्न. आधी दुखलं आणि वाचले ते गोष्ट सांगायला उरतात. आधी दुखलं आणि गेले त्यांचे नातेवाईक फोरमवर धागे काढत नाहीत. कुत्र्यांवरून माणसावर उडी मारायला पुरावा काय?

परतूरचा_पाहुणा

हा प्रश्न मलाही पडला होता, विचारायचं धाडस झालं नाही.

कॅथलॅबवाली

मी टेक्निशियन आहे, रोज अँजिओप्लास्टीच्या टेबलाशेजारी उभी असते, म्हणून या भागाचं मी सांगते.

नळीत फुगा फुगवला की तेवढा वेळ रक्त थांबतं. पूर्वी फुगा जास्त वेळ फुगवून ठेवायचे. १९९० मध्ये अशा रुग्णांवर मोजमाप झालं, ९० सेकंदांचा फुगा दोनदा. दुसऱ्या वेळी छातीत कमी दुखलं, ईसीजीतल्या एसटीचा (रक्त कमी पडलं की सरकणारा रेषेचा भाग) बदलही कमी. माणूस तोच, नळी तीच, त्यामुळे वाचले-गेले हा मुद्दा इथं लागू होत नाही. आम्हालाही कधी कधी दिसतं. पहिल्या फुग्याला पेशंट कण्हतो, मॉनिटरवर एसटी वर चढतो, सगळे एकदम गप्प. पुढच्या वेळी तोच पेशंट विचारतो, "झालं का?"

अटॅकच्या रुग्णांतही आकडे आहेत. १९९५ मध्ये टिमी-४ नावाच्या अभ्यासातून दिसलं की आधी अंजायना (रक्त कमी पडून छातीत दुखणं) झालेल्यांत मेलेला भाग लहान होता आणि रुग्णालयातले मृत्यूही कमी होते. पण शंकासुरांची शंका इथं रास्त आहे. आधी दुखणाऱ्यांच्या हृदयात आजूबाजूच्या बारीक नळ्या आधीच रुंदावलेल्या असू शकतात. काही जण आधीपासून अ‍ॅस्पिरिनवर असतात. सगळं श्रेय प्रीकंडिशनिंगला देता येत नाही.

त्या बारीक नळ्यांना कोलॅटरल म्हणतात. काही लोकांत त्या जन्मतःच चांगल्या असतात, बाकीच्यांत मुख्य नळी हळूहळू अरुंद होत गेली की वाढतात. अँजिओग्राफीत बघायला फार सुंदर दिसतं. उजवी नळी पूर्ण बंद, डावीकडे डाय सोडला की दोन ठोक्यांनी उजवीचं शेपूट उलट्या दिशेनं भरून येतं. तरण्या पोराला हा वेळच मिळालेला नसतो. पस्तिशीतला, सिगारेट ओढणारा, नळीत किरकोळ अडथळा, त्यावर अचानक गुठळी. असे पेशंट येतात तेव्हा आमचे हात जास्त भराभर चालतात.

शंकासुर

फुग्याचा पुरावा मान्य. आभार.

डेपोवाला_बीड

आमच्या ग्रुपवर एक फॉरवर्ड फिरायलंय. बीपीची पट्टी दंडाला आवळून पाच मिनिटं ठेवायची, सोडायची, परत आवळायची, चार डाव. म्हणं हार्ट अटॅकपासून संरक्षण. खरं का उगं?

गोदाकाठचा_वैद्य

बाप्पा, मूळ खरं आहे, निष्कर्ष उगं आहे. १९९३ मध्ये कुत्र्यांत दिसलं की हृदयाच्या एका नळीला थोडं थोडं रोखलं तर दुसऱ्या नळीवरचा भागही सुरक्षित होतो. पुढं हातापायाचं रक्त रोखूनही तसंच दिसलं. लहान अभ्यासांत निकाल चांगले आले आणि सगळे खूश. मग मोठे अभ्यास झाले. २०१५ मध्ये बायपास आणि इतर हृदयशस्त्रक्रियांच्या रुग्णांवर दोन, दोन्हीत फायदा नाही. २०१९ मध्ये अटॅक येऊन अँजिओप्लास्टीला निघालेल्या ५ हजारांहून जास्त रुग्णांवर हेच पट्टीचे चार डाव केले. वर्षभरानंतर मृत्यूत फरक नाही, हार्ट फेल्युअरमध्ये फरक नाही.

पट्टीनं बीपी मोजा. छातीत दुखत असताना ती आवळत बसाल तर २० मिनिटं तिथंच गेली, आणि वर लिहिलंय २० मिनिटांत काय सुरू होतं.

तुरीचं_वरण

अवांतर: ग्रुपवर हा निकाल टाकला तर अ‍ॅडमिन काढून टाकेल, डेपोवाले. तिथं लिंबू-आलं-लसणाच्या काढ्याची सत्ता आहे.

हिंगोलीची_लेक

माझ्या आईला शुगर आहे, वीस वर्षं. कुठंतरी वाचलं की शुगरच्या गोळ्यांनी हृदयाची ही तयारी मोडते. ती गोळी बंद करावी का?

गोदाकाठचा_वैद्य

ताई, गोळी स्वतःहून बंद करू नका. प्रश्न मात्र योग्य आहे. ग्लिबेनक्लामाइड ही जुनी गोळी पोटॅशियमच्या त्याच वाटा बंद करते. स्वादुपिंडात त्या बंद झाल्या की इन्सुलिन सुटतं, पण हृदयातही बंद होतात. १९९४ मध्ये फुग्याच्याच प्रयोगात ही गोळी आधी दिली तर दुसऱ्या फुग्याचा फायदा नाहीसा झाला. आता बहुतेक ठिकाणी ग्लिमेपिराइड किंवा ग्लिक्लाझाइड देतात, त्यांचा हृदयातल्या वाटांवर तसा जोर नाही. ग्लिमेपिराइडची तुलना लिनाग्लिप्टिन या शुगरच्याच दुसऱ्या गोळीशी करणाऱ्या मोठ्या अभ्यासात (२०१९) हृदयाच्या बाबतीत फरक निघाला नाही. आईच्या गोळीचं नाव बघा, ग्लिबेनक्लामाइड असेल तर पुढच्या भेटीत डॉक्टरांना विचारा.

गोळीपेक्षा मोठी गोष्ट मधुमेह स्वतः. त्यात ही तयारीच कमकुवत होते, वयानंही होते. शिवाय बऱ्याच मधुमेहींना दुखतच नाही. नुसती धाप, घाम, मळमळ, एकदम गळून जाणं. आईला असं काही झालं तर पित्त समजू नका.

मास्तर_अंबाजोगाई

मी निवृत्त शिक्षक. हे सारं वाचून एक सांगतो. सकाळी फिरायला निघालो की पहिल्या चढाला छाती भरून येते. दोन मिनिटं थांबतो, मग तीन किलोमीटर चाललो तरी काही नाही. गेल्या दिवाळीपासून आहे. म्हणजे माझं हृदय तयार होतंय असं समजायचं का?

कॅथलॅबवाली

मास्तर, ईसीजी काढलाय का?

मास्तर_अंबाजोगाई

नाही. त्रास असा काही नाही ना.

गोदाकाठचा_वैद्य

मास्तर, हाच त्रास आहे. याला वॉर्म-अप अंजायना म्हणतात. हेबर्डन या इंग्रज डॉक्टरांनी अठराव्या शतकात छातीच्या या दुखण्याचं पहिलं नीट वर्णन केलं, त्यात त्यांचा एक रुग्ण रोज अर्धा तास लाकूड कापायचा आणि जवळजवळ बरा झाला अशी नोंद आहे. तुमच्या बाबतीत हृदय काय करतंय ते कळलं, पण त्याला ते करावं का लागतंय हे बघायला हवं. दुखणं अजून वाढलेलं नाही म्हणून घाबरू नका, पण या आठवड्यात तपासून घ्या. ईसीजी, इको, मग गरज वाटली तर पुढचं. तोवर चढ टाळा. आणि बसल्या जागी दुखलं, आधीपेक्षा लवकर दुखायला लागलं किंवा थांबल्यावरही दहा मिनिटांत गेलं नाही, तर वाट न बघता १०८.

सुमनकाकू_लातूर

मास्तर, एकटे जाऊ नका, पोराला किंवा सुनेला सोबत न्या. डॉक्टर बोलतात त्यातलं निम्मं आपल्या लक्षात राहत नाही.

मास्तर_अंबाजोगाई

सोमवारी जातो. नातू येतोय सोबत.

परतूरचा_पाहुणा (धागाकर्ता)

सगळ्यांचे आभार. संध्याकाळी चुलत्यांना ४० मिनिटं आणि ३ तासांचं वाचून दाखवलं. ते म्हणाले, "मग त्या दोन दिवसांत दवाखान्यात गेला असता तर?" मी म्हणलं, तर बहुतेक अटॅकच आला नसता, आधीच नळी दिसली असती. यावर काही बोलले नाहीत, पण आल्या-गेल्याला सांगायचं थांबलंय. अण्णांनी तंबाखू सोडलीय असं ते म्हणतात. आईचं मत वेगळं आहे.

दोन शेवटचे प्रश्न. इको परत कधी करायचा? आणि ते शेतात कधी जाऊ शकतील? पेरणीच्या आधी जायचंच म्हणून बसलेत.

गोदाकाठचा_वैद्य

इको साधारण सहा ते बारा आठवड्यांनी. त्याआधी केला तर सुन्न भाग धरून आकडा कमी दिसतो आणि उगाच जीव टांगणीला लागतो. चालणं आत्ताच सुरू असेल, सपाटीवर रोज थोडं थोडं वाढवत न्या. बांधावर जाऊन उभं राहायला, मजुरांवर ओरडायला हरकत नाही. खताची पोती उचलणं, मोटारीचा स्टार्टर बसत नाही म्हणून विहिरीत उतरणं हे इको होईपर्यंत नाही. गुठळी होऊ नये म्हणून दिलेल्या दोन गोळ्या एक दिवसही चुकवू नका, स्टेंट नवा आहे. आणि तंबाखूचं आईला विचारत जा, अण्णांना नको.

मोसंबीवाला_जालना

स्टार्टरचं अगदी बरोबर बोललात. आमच्याकडं निम्मे लोक तिथंच घाम गाळतेत. परतूरकर, पेरणीला ट्रॅक्टर लागला तर सांगा, आमचा मेव्हणा तिकडंच असतो.